नकाशे, रस्ता दाखवणारी ॲप आणि रंगांधळेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता दाखवणाऱ्या ॲपसाठी नकाशाचे रंग, रेषा आणि खुणा ठरवणं हे माझं रोजचं काम. या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मला मामाने शिकवली, तीही नकळत. त्याच्या हातात फोन असायचा, फोनवर नकाशा उघडा असायचा आणि तरीही तो शेजारी बसलेल्याला विचारायचा, “पुढे मोकळं आहे का रे?” आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं की मामाला फोन नीट वापरता येत नाही. फोन त्याला उत्तम येत होता. मोकळ्या रस्त्याची हिरवी रेषा आणि रेंगाळणाऱ्या रस्त्याची केशरी रेषा त्याला एकाच रंगाच्या दिसत होत्या.

खालचे प्रश्न ॲप बनवणाऱ्यांकडून, रंगांध माणसांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येतात.

रंगांध माणसाला सगळं काळं-पांढरं दिसतं का?

नाही. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण त्यातूनच बाकीच्या चुका होतात. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५६०, ५३० आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपास असते तेव्हा त्यांची संवेदनशीलता सर्वाधिक असते. लाल-हिरव्या रंगांधळेपणात पहिल्या दोनपैकी एक प्रकार नसतो, किंवा असला तरी त्याची संवेदनशीलता दुसऱ्याच्या फार जवळ सरकलेली असते. त्यामुळे जग रंगीतच दिसतं, निळा आणि पिवळा तर चांगलेच उठून दिसतात, पण काही रंग एकमेकांत मिसळून जातात.

पहिल्या प्रकारात दोष असेल तर प्रोटान, दुसऱ्यात असेल तर ड्यूटान आणि तिसऱ्यात असेल तर ट्रायटान म्हणतात. सगळ्यात जास्त आढळतो तो ड्यूटानचा सौम्य प्रकार. रंग अजिबात न दिसणारे लोकही असतात, पण साधारण ३०,००० मध्ये एक.

किती लोकांना असतो? आणि पुरुषांनाच का?

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये साधारण १२ पुरुषांमागे एक आणि २०० स्त्रियांमागे एक, असं प्रमाण आहे. इतर बऱ्याच लोकसमूहांत ते कमी असतं. पहिल्या दोन शंकुपेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यात दोष असला तर भरून काढायला दुसरं नसतं. स्त्रीकडे दोन असतात, म्हणून तिला सहसा त्रास होत नाही, पण दोष मुलाकडे जाऊ शकतो. मामाला आहे आणि भाच्यालाही आहे, असं घराघरांत दिसतं ते यामुळेच.

याशिवाय वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. मधुमेह आणि काचबिंदूमुळेही रंगांची पारख कमी होऊ शकते, विशेषतः निळ्या-पिवळ्या बाजूची. म्हणजे आज ज्याला सगळे रंग दिसतात, त्याला ते पुढेही तसेच दिसतील असं नाही.

सिग्नलचे दिवे कळतात, मग नकाशा का कळत नाही?

सिग्नलला जागा ठरलेली असते. उभ्या सिग्नलमध्ये लाल वर, हिरवा खाली, त्यामुळे रंग ओळखता आला नाही तरी कोणता दिवा पेटलाय ते कळतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर दिव्यांचे आकारही वेगळे असतात: लाल चौकोनी, पिवळा तिरप्या चौकोनाचा, हिरवा गोल.

नकाशात ही सोय नाही. लाल रेषा कुठेही येऊ शकते, हिरवीही कुठेही. त्यातच रेषा बारीक असते. रंगाचा ठिपका जितका लहान तितका तो ओळखायला कठीण, हे सगळ्यांच्याच डोळ्यांना लागू आहे. मोठ्या पट्टीवर सहज वेगळे दिसणारे दोन रंग तीन पिक्सेलच्या रेषेवर एकसारखे वाटू शकतात. रंगांध डोळ्यासाठी ही अडचण कितीतरी आधी सुरू होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नकाशा निवांत बसून वाचायची संधी मिळत नाही. गाडी चालवताना किंवा चौक ओलांडताना माणूस क्षणभर नजर टाकतो. त्या क्षणात जे कळलं नाही, ते त्याच्यासाठी नकाशात नव्हतंच.

लाल आणि हिरवा एकत्र वापरायचे टाळले की काम झालं ना?

नाही. “लाल-हिरवा” हे नाव सोयीचं आहे, पण दिशाभूल करतं. ड्यूटान आणि प्रोटान डोळ्यांना अडचणीच्या जोड्या बऱ्याच आहेत: हिरवा आणि तपकिरी, केशरी आणि पोपटी, निळा आणि जांभळा, गुलाबी आणि राखाडी, निळसर हिरवा आणि राखाडी. यातली शेवटची जोडी नकाशावाल्यांनी कायम लक्षात ठेवावी. पाण्याला मोरपिशी छटा आणि रस्त्यांना करडी छटा दिली, दोन्ही सारख्याच फिकट ठेवल्या, की काहींसाठी नदी आणि रस्ता यांतला फरक संपतो. जांभळा मार्ग आणि निळी नदी शेजारून जात असतील तर तोच घोटाळा.

इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये आपल्या स्वतःच्या दृष्टीबद्दल निबंध वाचला, त्यात अशीच एक जोडी आहे. जिरेनियमचं गुलाबी फूल त्यांना दिवसा निळं दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. हा बदल त्यांच्या भावाशिवाय इतर कुणालाच जाणवत नव्हता. त्यांच्या जपून ठेवलेल्या डोळ्याची १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि ते ड्यूटान होते हे कळलं. मला या गोष्टीतलं मोलाचं वाटतं ते हे की फूल तेच, डोळाही तोच, फक्त उजेड बदलला आणि रंग बदलला. फोनवरचा नकाशा उन्हात, सावलीत, रात्रीच्या पिवळसर स्क्रीनवर, सगळीकडे वाचला जातो.

म्हणून अमुक रंग टाळा, अशी यादी पाठ करण्यापेक्षा एकच कसोटी लावा. नकाशातले सगळे रंग काढून टाकले तर काय उरतं? फिकट-गडद फरक, रेषेची जाडी, तुटक-सलग नक्षी, आकार, शब्द, आकडा. यांपैकी किमान एकाने तीच गोष्ट सांगितलेली असली पाहिजे. मग रंग मनासारखा वापरा.

वाहतुकीची कोंडी दाखवायला हिरवा-केशरी-लाल हे रंग तर जगभर रूढ आहेत. ते बदलायचे?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मामाची अडचणही हीच होती. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

या तिन्ही रंगांचा उजळपणा बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात, एकमेकांच्या जवळ ठेवलेला असतो, कारण तसं दिसायला छान वाटतं. आणि तिथेच घात होतो. रंगाची छटा गेली की मागे राहायला काही उरतच नाही.

माझं पहिलं सांगणं, हिरवा काढून टाका. रस्ता मोकळा असेल तर तो रंगवायची गरजच काय? त्याला नकाशातल्या साध्या रस्त्यासारखं राहू द्या आणि फक्त अडचण रंगवा. मग “रंगवलेलं” आणि “न रंगवलेलं” असा फरक उरतो, आणि तो प्रत्येक डोळ्याला दिसतो. एखादा रस्ता मोकळा आहे म्हणून रंगवलेला नाही की त्याची माहितीच नाही, असा प्रश्न यातून उभा राहतो हे खरं. त्यासाठी माहिती नसलेले रस्ते तुटक किंवा अगदी पुसट दाखवता येतात. हिरवा काढणं शक्यच नसेल तर त्याच्या जागी निळा घ्या. निळा आणि केशरी ही जोडी लाल-हिरव्या रंगांधळेपणात नीट टिकते.

दुसरं, पायऱ्या उजळपणाने पाडा. पांढऱ्या नकाशावर किंचित रेंगाळणारी वाहतूक फिकट, जास्त रेंगाळणारी मध्यम आणि ठप्प झालेली सगळ्यात गडद. काळ्या नकाशावर याच्या उलट. कोंडी जितकी मोठी, तितकी ती पार्श्वभूमीपासून दूर गेली पाहिजे.

तिसरं, जाडी आणि नक्षी. ठप्प भागाची रेषा दीडपट जाड करा, किंवा तिच्यावर आडव्या बारीक रेघा मारा. आडव्या रेघांची रेषा गाडीत, हलत्या हातातही ओळखू येते, हे मी स्वतः करून पाहिलंय.

चौथं, शब्द. “पुढच्या २ किलोमीटरमध्ये १२ मिनिटं उशीर” हे त्या भागाशेजारीच लिहिलं, तर रंग कळला नाही तरी बिघडत नाही. खरं तर कोणत्याही चालकाला रंगापेक्षा ही १२ मिनिटंच हवी असतात.

रात्रीचा गडद नकाशा रंगांध माणसाला सोपा जातो की कठीण?

प्रोटान डोळ्यासाठी तो धोक्याचा ठरू शकतो. अशा डोळ्याला लाल रंग वेगळा दिसतो एवढंच नाही, तो मंदही दिसतो. गडद लाल तर जवळपास काळा. आता बऱ्याच नकाशांत सर्वांत वाईट कोंडीला गडद लाल रंग असतो. दिवसा पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती रेषा काळपट का होईना, पण दिसते. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर तीच रेषा नाहीशी होते. म्हणजे सगळ्यात मोठी अडचण सगळ्यात कमी दिसते, आणि माणसाला वाटतं तिथे काहीच नाही.

उपाय साधा आहे. गडद नकाशात लाल उजळ करा, केशरीकडे झुकवा आणि रेषेला फिकट किनार द्या. दिवसाची रंगसंगती उचलून फक्त पार्श्वभूमी काळी करू नका. रात्रीचा नकाशा ही वेगळी रचना आहे, तिची चाचणीही वेगळीच व्हायला हवी.

पर्यायी मार्ग कसे वेगळे दाखवावेत?

निवडलेला मार्ग जाड, गडद, किनारीसह आणि पर्यायी मार्ग बारीक आणि फिकट. प्रत्येक मार्गावर वेळेची चिठ्ठी: २५ मिनिटं, ३१ मिनिटं. “हिरवा म्हणजे कमी इंधनाचा” असं रंगाने सांगायचं असेल तर शेजारी चिन्ह आणि शब्दही हवेत.

कोणता रंग कशाचा, याची सूची दिलेली आहे. मग अडचण काय?

एकदा एका रंगांध सहकाऱ्यासमोर मी सात मार्गांचा नकाशा ठेवला होता. कोपऱ्यात सूची होती, सात छोटे चौकोन आणि पुढे नावं. त्याने एक बोट सूचीतल्या चौथ्या चौकोनावर ठेवलं आणि दुसरं नकाशातल्या रेषेवर. मग डोकं पुढे नेलं, मागे नेलं, स्क्रीन तिरपी केली. “ही... का ही?” पहिलं बोट पाचव्या चौकोनावर गेलं. मग तो मोजायला लागला, कोणकोणत्या रेषा नक्की ओळखता आल्या, त्या वजा केल्या आणि उरलेल्या दोनांतून अंदाजाने एक निवडली. बरोबर निवडली. आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “रोज असंच करतो.” मी तोवर त्या नकाशाला वापरायला सोपा समजत होतो.

सूची रंगांध माणसाकडून नेमकं तेच काम मागते जे त्याला जमत नाही: इथला रंग लक्षात ठेव आणि तिथे जुळव. म्हणून नाव थेट रेषेवर किंवा क्षेत्रावर लिहा. जागा नसेल तर बोट ठेवताच नाव उघडू द्या, आणि सूचीतल्या नावावर बोट ठेवलं की नकाशातली तेवढीच गोष्ट उठून दिसू द्या, बाकीच्या मंद होऊ द्या. सूची ठेवायचीच असेल तर चौकोन मोठे असावेत आणि क्रम नकाशातल्या क्रमासारखा असावा.

मेट्रो-रेल्वेच्या नकाशात तर मार्गांची ओळखच रंगाने असते. तिथे काय करायचं?

रंग राहू द्या, पण मार्गाला रंगाखेरीज दुसरी ओळख द्या. मार्गाचा क्रमांक किंवा अक्षर दोन्ही टोकांना आणि मध्येमध्ये रेषेवरच लिहावं. स्थानकाच्या पानावर “निळा मार्ग” एवढंच न लिहिता “मार्ग ३, अमुक स्थानकाकडे” असं लिहावं.

हॅरी बेक यांनी आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला आणि तेव्हापासून जगभरच्या अशा नकाशांनी त्याचा कित्ता गिरवला. त्याच लंडनच्या नकाशाची आज कृष्णधवल आवृत्तीही मिळते, ज्यात प्रत्येक मार्गाला रंगाऐवजी वेगळी नक्षी आहे. पोर्तुगीज डिझायनर मिगेल नेइव्हा यांनी “कलरॲड” नावाची चिन्हलिपी तयार केली. मूळ रंगांना साधी चिन्हं आहेत आणि ती जोडून मिश्र रंगांची चिन्हं बनतात. पोर्तो शहराच्या मेट्रोत ती वापरतात. ही चिन्हं वापरण्याआधी शिकावी लागतात, त्यामुळे माझा कल क्रमांकाकडे आहे. पण जिथे लोक बोलतानाही मार्गाला रंगाच्या नावानेच ओळखतात, तिथे अशा चिन्हांचा खरा उपयोग होतो.

क्षेत्रघनी नकाशे (आकड्यांनुसार प्रदेश रंगवलेले) आणि पावसाचे नकाशे यांसाठी कोणती रंगसंगती घ्यावी?

एकाच दिशेने वाढणारी माहिती असेल तर फिकटापासून गडदाकडे जाणारी एकच चढण घ्या, वर्ग शक्यतो पाचच्या आत. मध्यापासून दोन बाजूंना जाणारी माहिती असेल तर निळा-लाल किंवा जांभळा-केशरी अशी जोडी आणि मध्ये फिकट. सिंथिया ब्रुअर यांच्या कलरब्रुअर या मोफत साधनात “रंगांध वाचकांना चालेल” अशी गाळणीच आहे. ती लावल्यावर लाल-पिवळा-हिरवा हा सगळ्यांचा लाडका पट्टा यादीतून बाहेर पडतो.

इंद्रधनुषी पट्टा सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगतो. त्यात उजळपणा मध्येच वाढतो, मध्येच घटतो, त्यामुळे हलका पाऊस कुठला आणि मुसळधार कुठला हे रंगांध वाचकाला कळत नाही, आणि बाकीच्यांनाही नसलेल्या सीमारेषा दिसतात. त्याला पर्याय म्हणून २०१५ मध्ये “व्हिरिडिस” हा पट्टा तयार झाला आणि २०१८ मध्ये “सिव्हिडिस”, जो रंगांधळेपणा डोळ्यासमोर ठेवूनच गणिताने बसवलेला आहे. दोन्हींत उजळपणा एकसारखा चढत जातो.

क्रम नसलेल्या, फक्त वेगळ्या गोष्टी दाखवायच्या असतील तर ओकाबे आणि इतो यांचा आठ रंगांचा संच उत्तम: काळा, केशरी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा. पण आठ रंग आहेत म्हणून आठही वापरायला हवेत असं नाही.

पूर, वणवा किंवा स्थलांतराच्या नकाशात एक गोष्ट जास्तीची. “लाल भागातील लोकांनी बाहेर पडावं” असं वाक्य कधीही लिहू नका. भागाला नाव किंवा क्रमांक द्या, तो नकाशावर मोठ्या अक्षरांत छापा आणि सूचनेतही तोच वापरा. घाबरलेल्या माणसावर रंग ओळखायची वेळ येऊ नये.

ठिकाणांच्या खुणांचं काय? उघडं-बंद, रिकामं-भरलेलं...

एकाच आकाराच्या टाचण्या आणि फक्त रंग वेगळा, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपी. उपलब्ध जागा भरीव वर्तुळाने, अनुपलब्ध जागा पोकळ वर्तुळात फुलीने दाखवा. चार्जिंगच्या जागी किती रिकाम्या आहेत तो आकडाच टाचणीत लिहा. प्रकारांसाठी चित्रखुणा वापरा, त्या एका नजरेत कळतात.

आमच्या रंगांनी काँट्रास्टची चाचणी पार केली आहे. आणखी काय हवं?

काँट्रास्ट, म्हणजे दोन रंगांतला फिकट-गडद फरक, आवश्यक आहेच. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांत मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असं प्रमाण आहे. २०१८ च्या २.१ आवृत्तीत १.४.११ हा निकष आला, त्यानुसार समजण्यासाठी आवश्यक अशा आकृत्यांचाही शेजारच्या रंगाशी ३ : १ फरक हवा. शुद्ध लाल पांढऱ्यावर साधारण ४ : १ भरतो, शुद्ध हिरवा जेमतेम १.४ : १. प्रत्येक रस्ता पार्श्वभूमीपासून इतका वेगळा काढणं शक्य नसतं, पण मार्गाच्या रेषेला गडद किंवा पांढरी किनार दिली की हे गणित बरंच सुटतं.

पण दोन गोष्टी या आकड्यांत येत नाहीत. एक, काँट्रास्टचं सूत्र लाल रंगाचा उजळपणा सामान्य डोळ्याच्या हिशेबाने मोजतं. काळ्यावर शुद्ध लाल या सूत्रात ५.२५ : १ भरतो आणि पास होतो. प्रोटान डोळ्याला तो त्यापेक्षा खूपच मंद दिसतो. दोन, चाचणी सहसा रेषा विरुद्ध पार्श्वभूमी अशी होते. नकाशात प्रश्न रेषा विरुद्ध रेषा असा असतो. हिरवी आणि केशरी दोन्ही पार्श्वभूमीवर झकास दिसतात, फक्त एकमेकींपासून वेगळ्या दिसत नाहीत.

याच निकषांतला १.४.१ हा जुना निकष, २००८ च्या २.० आवृत्तीपासूनचा, मला जास्त जवळचा वाटतो. माहिती सांगण्याचं रंग हे एकमेव साधन असू नये, एवढंच तो म्हणतो. तो सर्वांत खालच्या, म्हणजे “ए” पातळीवर आहे, म्हणजे किमान अपेक्षा.

सेटिंगमध्ये वेगळा “रंगांध मोड” द्यावा का?

द्यावा, पण मूळ नकाशा सुधारल्यावर. अनेकांना आपण रंगांध आहोत हे माहीतच नसतं. मामाला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. असा माणूस सेटिंगमध्ये जाऊन “ड्यूटान” निवडणार नाही. शिवाय गाडीतल्या स्क्रीनवर वेगवेगळी माणसं असतात, आणि मदतीसाठी कुणीतरी पुढे केलेला फोन आपल्या सेटिंगचा नसतो.

मोड दिलात तर त्याला आजाराचं नाव देऊ नका. “कोंडी निळ्या-केशरी रंगात दाखवा”, “रेषांवर नक्षी दाखवा” असं लिहा आणि शेजारी लहानसा नमुना ठेवा. पाहून निवडता आलं पाहिजे. तांत्रिक बाजू सांगायची तर नकाशा व्हेक्टर टाइल्सचा, म्हणजे चित्राऐवजी रेषा-आकारांची माहिती पाठवणाऱ्या तुकड्यांचा, असेल तर रंग फोनवरच भरले जातात, त्यामुळे दुसरी रंगसंगती देणं म्हणजे दुसरी शैली-फाइल देणं. तयार चित्रांच्या टाइल्स असतील तर रंग त्यातच मुरलेले असतात आणि सगळा संच पुन्हा बनवावा लागतो.

इतकं सगळं केलं तर नकाशा बटबटीत होणार नाही का?

प्रत्येक रेषेवर नक्षी, प्रत्येक ठिकाणी शब्द असं केलंत तर होईल. जी गोष्ट चुकली तर माणूस चुकीच्या रस्त्याला लागेल, तिला दुसरी खूण द्या. बागेचा हिरवा आणि शेताचा हिरवा यांत कुणाचा गोंधळ झाला तरी फारसं अडत नाही. माझ्या अनुभवात रंग कमी केल्याने नकाशे शांतच झालेत.

चाचणी कशी करावी?

पहिली पायरी फुकट आहे. फोनची स्क्रीन राखाडी करा आणि स्वतःच्याच नकाशावर रस्ता शोधा. त्यानंतर सिम्युलेटर, म्हणजे रंगांध डोळ्याला काय दिसेल ते दाखवणारी साधनं. कलर ओरॅकल पूर्ण स्क्रीनवर चालतं, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा बनवतानाच प्रोटान-ड्यूटान-ट्रायटान पूर्वदृश्य पाहता येतं, क्रोमच्या डेव्हलपर साधनांतही ही सोय आहे. ब्रेटेल, व्हिएनो आणि मोलॉन यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत बऱ्याच सिम्युलेटरांच्या मुळाशी आहे.

पण सिम्युलेटर म्हणजे माणूस नव्हे. पुष्कळ साधनं तीव्र रंगांधळेपणाच दाखवतात, बहुतेकांचा तो सौम्य ते मध्यम असतो. उलट, सिम्युलेटरमध्ये “दिसतंय की” असं वाटणारा फरक ओळखायला खऱ्या माणसाला किती वेळ लागतो, ते तिथे कळत नाही. म्हणून शेवटी रंगांध माणसांना बोलवा, आणि प्रोटान-ड्यूटान दोन्ही बोलवा. त्यांना “हा रंग कोणता?” असं विचारू नका. शाळेपासून त्यांनी ते हजारदा ऐकलेलं असतं आणि त्यातून काही कळतही नाही. “नीट दिसतंय ना?” असंही नको, माणूस भिडेखातर हो म्हणतो. काम द्या: “इथून तिथे जायला सगळ्यात कमी कोंडीचा रस्ता दाखवा.” आणि घड्याळ पाहा. बाहेर उन्हात, उजेड कमी केलेल्या स्क्रीनवर तेच पुन्हा करा.

मी स्वतः रंगांध आहे. फोनमध्ये काही बदल करता येतो का?

हो. आयफोनमध्ये सुलभता विभागात रंगांचे फिल्टर आहेत, अँड्रॉइडमध्ये रंग सुधारणा हा पर्याय आहे. हे फिल्टर रंग सरकवून एकमेकांपासून दूर नेतात. तीव्रता कमी-जास्त करून ज्या नकाशात अडतं तोच उघडा ठेवून पाहा. एक सावधगिरी: फिल्टर सगळ्याच रंगांना लागू होतो, त्यामुळे एक जोडी सुटते तशी एखादी नवी जोडी अडकू शकते. आयफोनमध्ये “रंगाशिवाय फरक दाखवा” असाही एक पर्याय आहे, पण त्याचा उपयोग ॲपने त्याला प्रतिसाद दिला तरच.

रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय निळा रंग दाबते. निळ्या-केशरी फरकावर तुमची भिस्त असेल तर रस्ता शोधताना ती बंद ठेवा. आवाजी सूचना चालू ठेवा, पण त्यांच्यावर विसंबून नकाशा सोडून देऊ नका. “उजवीकडे वळा” त्या सांगतात, समोरच्या तीन रस्त्यांपैकी कुठे कोंडी आहे हे सहसा सांगत नाहीत.

रंगांधांसाठीचे चष्मे मिळतात ना?

ते काही तरंगलांबी गाळून काही रंगांतला फरक ठळक करतात. काहींना त्याचा आनंद होतो आणि तो खरा असतो. पण त्याने सामान्य रंगदृष्टी येत नाही. “चष्मा घ्या” हे नकाशा बनवणाऱ्याचं उत्तर असू शकत नाही.

ॲपवाल्यांना अडचण कळवताना काय लिहावं?

नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर समोरच्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना दोन्ही रंग वेगळे दिसतात. म्हणून स्क्रीनशॉटवर दोन बाण काढा आणि लिहा, “या दोन रेषा मला एकसारख्या दिसतात.” दिवसाचा नकाशा होता की रात्रीचा, फोनचा रंगफिल्टर चालू होता की बंद, हे लिहा. रंगांधळेपणाचा प्रकार माहीत असेल तर तोही. आणि त्यामुळे काय झालं ते एका वाक्यात: कुठलं वळण चुकलं, किती वेळ गेला. आमच्याकडे आलेल्या अशा पत्रांपैकी ज्यात दोन बाण होते, ती दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलापर्यंत थेट पोचली. मामाने पाठवलेल्या पत्रात बाण होते, आणि खाली एवढंच लिहिलं होतं: “यातला मोकळा कोणता?”